अतिवृष्टीचं अनुदान: बांधावरच्या ओळीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत

सोयाबीन कमरेएवढ्या पाण्यात असताना कागद काढायचं कुणाला सुचत नाही. पण मदत किती येणार, कुणाच्या नावावर येणार आणि मुळात येणार की नाही, हे त्याच आठ-दहा दिवसांत पंचनाम्याच्या तक्त्यातल्या एका ओळीत लिहिलं जातं. खातेदाराचं नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, आधार क्रमांक. पुढे ही ओळ तहसील, जिल्हा, मंत्रालय, कोषागार, बँक अशी फिरते आणि वाटेत कुणीही तिच्याकडे पुन्हा डोळे उघडून बघत नाही. त्यामुळे ती बांधावरच बरोबर लिहून घ्यायची.

मदत म्हणजे भरपाई नव्हे

शासन निर्णयात या पैशाला ‘निविष्ठा अनुदान’ म्हणतात. पुढच्या हंगामाच्या बी-खताला हातभार, एका हंगामात एकदाच, असा त्याचा अर्थ. एकरी किती क्विंटल गेले आणि बाजारभाव काय होता, याचा या हिशेबाशी संबंध नाही. पीक ३३ टक्के गेलं काय आणि शंभर टक्के गेलं काय, हेक्टरी दर तोच. मात्र ३३ टक्क्यांच्या खाली गेलं तर शून्य. म्हणून पंचनाम्यात ‘३०’ लिहिलं की ‘३५’ याला फार किंमत आहे, आणि ‘७०’ की ‘९०’ यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये.

केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाचे दर असे: जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, आश्वासित सिंचनाखालच्या म्हणजे बागायती पिकाला १७,०००, बहुवार्षिक पिकाला म्हणजे फळबागेला २२,५०० रुपये, आणि मर्यादा दोन हेक्टर. क्षेत्र अगदी थोडं असलं तरी किमान रक्कम ठरलेली आहे: जिरायतीला १,०००, बागायतीला २,०००, बहुवार्षिकला २,५००. म्हणजे आठ आर (शंभर आर म्हणजे एक हेक्टर) सोयाबीनचे हिशेबाने ६८० होतात, तरी हजार मिळायला हवेत.

राज्य सरकार यावर आपल्या तिजोरीतून भर घालतं आणि ती भर काढूनही घेतं. नोव्हेंबर २०२३ पासूनच्या नुकसानीला १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे वाढीव दर आणि तीन हेक्टरची मर्यादा होती. मे २०२५ मध्ये ते पुन्हा केंद्राच्या दरांवर आणि दोन हेक्टरांवर आलं. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० जादा दिले गेले. हे दहा हजार वेगळं अनुदान होतं. पिकाचे पैसे आले म्हणजे तेही आले असं धरू नका. पासबुकात दोन्ही जमा वेगवेगळ्या तपासा.

यातून घ्यायचा बोध एवढाच: शेजारच्या तालुक्यात मागच्या वर्षी काय मिळालं त्यावरून अंदाज बांधू नका. तुमच्या नुकसानीचा महिना ज्या शासन निर्णयात आहे तो महसूल व वन विभागाचा निर्णय उतरवून घ्या. विषयाच्या ओळीत कालावधी असतो, उदाहरणार्थ ‘जून ते ऑगस्ट’, आणि जोडपत्रात जिल्हावार रक्कम व दर असतात. १ एप्रिल २०२६ नंतरच्या नुकसानीला तर त्या वेळचेच दर बघावे लागतील.

कोणता पाऊस धरतात

महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. मोजमाप मंडळाच्या पर्जन्यमापकावर होतं, तुमच्या शिवारात नव्हे. इथेच पहिला घोळ होतो. मंडळाचं यंत्र एका टोकाला, ढग फुटला दुसऱ्या टोकाला, आणि नोंद ४८ मिलिमीटर. अशा वेळी ‘अतिवृष्टी झाली’ एवढंच म्हणत बसलात तर अर्ज अडतो. ओढ्या-नदीचं पाणी शेतात शिरलं असेल तर ते पुरात बसतं; गारपीट, वीज पडणं, अवेळी पाऊस, दरड कोसळणं हे स्वतंत्र प्रकार आहेत. २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ हीसुद्धा राज्याने आपत्ती मानली: ६५ चा आकडा एकदाही गाठला नाही, पण सलग पाच दिवस रोज दहा मिलिमीटरच्या वर पडत राहिला तर त्या निकषात बसू शकतो. अर्जात नुकसानीचं खरं कारण नेमक्या शब्दांत लिहा. ‘पावसाने नुकसान’ यापेक्षा ‘अमुक तारखेला ओढ्याला पूर येऊन गट अमुकमधील उभ्या कपाशीत दोन दिवस पाणी साचून नुकसान’ हे वाक्य कामाचं.

पेरणी झाली की लगेच करायची कामं

पंचनाम्यात अडणारी बहुतेक प्रकरणं पावसाच्या आधीच अडलेली असतात.

सगळ्यात वर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची आपणच केलेली नोंद. तिची मुदत दर हंगामाला जाहीर होते आणि बरेचदा वाढते, पण वाढेल या भरवशावर राहू नका. ॲप गटाच्या हद्दीत उभं राहूनच फोटो घेऊ देतं, म्हणून घरी बसून किंवा गल्लीतल्या पोराकडून होणारं हे काम नाही. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं त्यांच्या क्षेत्रासह नोंदवा. फळबाग असेल तर झाडांची संख्या आणि लागवडीचं वर्ष भरा. विहीर किंवा बोअर असेल तर सिंचनाचं साधन नोंदलंय ना ते बघा. सातबाऱ्यावर साधनाची नोंद नसेल तर पीक बहुतेक वेळा जिरायतीत ढकललं जातं आणि दर निम्म्यावर येतो. मुदतीआधीच पीक वाहून गेलं तर निदान तारीख-वेळ-ठिकाण छापून येणाऱ्या कॅमेरा ॲपमधून शेताचे फोटो काढून ठेवा.

दुसरं, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव. सातबाऱ्यावर ‘बाबू’, आधारवर ‘बाबुराव’. सातबाऱ्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. यादी तयार करणारा माणूस सातबाऱ्यावरून नाव घेतो आणि पोर्टल आधारशी ताडून बघतं. जुळलं नाही की ओळ बाजूला पडते. यातला सोपा मार्ग बहुधा आधार दुरुस्तीचा. सातबाऱ्यावरची लेखनचूक असेल तर तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज.

तिसरं, वारस नोंद. वडील वारून चार वर्षं झाली आणि खातं अजून त्यांच्याच नावावर, हे घराघरात आहे. मयताच्या नावावर यादीत रक्कम दिसेलही, पण अंगठा कोण लावणार? मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि अर्ज देऊन फेरफार मंजूर करून घ्या. सगळे वारस एकमताचे असतील तर हे काम कोर्टात न जाता होतं. पाऊस पडल्यावर अर्ज केला तरी होईल, फक्त त्या यादीतून नाव निसटून पुढच्या यादीची वाट बघावी लागेल.

चौथं, शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतून मिळणारा हा क्रमांक २०२५ पासून आपत्तीच्या मदतीला मागतात. नोंदणी करताना सगळे गट जोडले गेलेत ना ते तपासा. परगावच्या चाळीस आरांचा तुकडा हमखास सुटतो. मर्यादा गटाला नाही, शेतकऱ्याला आहे. सगळ्या गावांतलं क्षेत्र मिळून दोन किंवा तीन हेक्टर मोजलं जातं.

सामायिक खात्यात चार भाऊ असतील तर एकाच्या खात्यावर पैसे घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ पुण्यात, एक बोलत नाही, अशी अवस्था असेल तर ते आधीच मिटवा. तहसीलदार तुमच्या घरचा वाद सोडवत नाही, तुमची ओळ बाजूला ठेवून पुढे जातो. बटईने किंवा ठोक्याने शेत करणाऱ्याचं दुखणं वेगळं आहे: बी त्याचं, घाम त्याचा, पैसे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात. यावर सरकारी उपाय नाही. करार तोंडी असला तरी ‘अनुदान आलं तर कसं वाटायचं’ हे पेरणीच्या वेळीच एका कागदावर लिहून सह्या घ्या.

पंचनाम्याचा दिवस

पंचनामा तिघांनी मिळून करायचा असतो: तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक. आता त्यांची पदनामं अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी, सहाय्यक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी अशी झाली आहेत. अर्जावर नवी नावं लिहा, हाक जुनीच मारली तरी चालते. एकेका तलाठ्याकडे दोन-तीन गावं असतात, त्यामुळे तो प्रत्येक बांधावर येईलच असं नाही. चावडीत बसून, गेल्या वर्षीची यादी समोर ठेवून, तोंडी विचारून यादी भरली जाते तेव्हा चुका होतात. त्यावर उपाय दोन. नुकसान झाल्यावर लगेच, शक्यतो दोन-तीन दिवसांत, तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज तलाठ्याकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे सही, तारीख आणि शिक्का; ‘ठेवून जा’ याला पोच म्हणत नाहीत. आणि पथक गावात येतंय कळलं की शेतात हजर राहा.

अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, बँक पासबुकाचं पहिलं पान, मोबाइल नंबर आणि चार-पाच फोटो लावा. फोटोत एक लांबून, ज्यात ओळखीची खूण दिसेल: विहीर, खांब, बांधावरचं झाड. एक मधल्या अंतरावरून, साचलेलं पाणी किंवा लोळलेलं पीक दाखवणारा. आणि एक अगदी जवळून. कुजलेलं मूळ, शेंगेत फुटलेले कोंब, काळं पडलेलं बोंड हे जवळच्या फोटोतच दिसतं. सोयाबीनबाबत हे विशेष महत्त्वाचं, कारण उभं पीक लांबून हिरवं दिसतं आणि शेंग उघडली की आत दाणा काळा निघतो. पथकासमोर शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून एकेक झाड उपटून शेंगा मोजून दाखवा. कडेचं पीक बघून टक्केवारी लिहू देऊ नका. पथक येईपर्यंत शेत नांगरून टाकलंत तर पंचनाम्याला काही उरत नाही. घाई असेल आणि रब्बीची पेरणी टळत असेल तर फोटो काढून, निदान एक पट्टा तसाच ठेवा.

सहीआधी ओळ वाचा. किंवा वाचून घ्या. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं: ०.८० म्हणजे ८० आर, दोन एकरांच्या आसपास. एकर सांगितला आणि हेक्टरच्या रकान्यात तसाच उतरला, किंवा ०.८० चं ०.०८ झालं, अशा चुका सर्रास होतात. पोटखराब्याला, म्हणजे गटातल्या लागवडीस अयोग्य जागेला, मदत मिळत नाही, फक्त पेरलेल्या क्षेत्राला मिळते, म्हणून सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आणि यादीतलं क्षेत्र यात थोडा फरक दिसणं बरोबरच आहे. आधारचे बारा आकडे बोट ठेवून तपासा. शेवटी मोबाइलवर त्या पानाचा फोटो घ्या. आपल्या ओळीचा फोटो घेण्यात लपवाछपवीचं काही नाही.

एका ओळीची किंमत किती, ते आकड्यांत बघा. समजा खातं १ हेक्टर ३५ आर, त्यात १० आर पोटखराबा. उरलेल्या १.२५ हेक्टरांत ८५ आर सोयाबीन आणि ४० आर संत्रा. २०२२-२३ च्या दराने सोयाबीनचे ०.८५ × ८,५०० म्हणजे ७,२२५ आणि संत्र्याचे ०.४० × २२,५०० म्हणजे ९,०००. एकूण १६,२२५ रुपये. संत्र्याची नोंद नसेल आणि सगळं क्षेत्र सोयाबीन म्हणून गेलं, तर १.२५ × ८,५०० म्हणजे १०,६२५. रकान्यात एक शब्द चुकला आणि ५,६०० रुपये गेले.

जमीन, विहीर आणि गोठा

पिकाच्या पंचनाम्यात जमिनीचं नुकसान आपोआप येत नाही. त्याचा पंचनामा वेगळा करून मागावा लागतो. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळूचा थर बसला तर तो काढायला २०२२-२३ ते २०२५-२६ च्या दराने हेक्टरी १८,००० रुपये. इथे पट्टी लावूनच फोटो काढा: लाकडी फूटपट्टी थरात उभी रोवायची, आकडे दिसतील असा फोटो, शेतात तीन-चार ठिकाणी. जमीन खरडून गेली, दरडीखाली गेली किंवा नदीने पात्र बदलून गिळली तर त्याच काळाच्या दराने हेक्टरी ४७,०००, पण हे फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंतच्या खातेदारांना. एकाच तुकड्याला गाळाचे आणि खरडल्याचे असे दोन्ही मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आणि गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झाले. रोजगार हमीचा भाग हा हातात येणारा रोख पैसा नसतो, तो कामाच्या रूपाने मिळतो. त्यासाठी ग्रामपंचायतीत वेगळी मागणी आणि जॉबकार्ड लागतं.

जनावरांचं काम सगळ्यात घाईचं, कारण पुरावा दुसऱ्या दिवशी कुजायला लागतो. २०२२-२३ ते २०२५-२६ चे दर असे: दुधाळ गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,००० रुपये. केंद्राच्या निकषात मर्यादा मोठी दुधाळ तीन, किंवा लहान दुधाळ तीस. ओढकामाची मोठी तीन, किंवा लहान सहा. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये तीन जनावरांची अट काढली होती. कोंबडीला प्रत्येकी १०० रुपये, कुटुंबाला १०,००० पर्यंत. गोठ्याचे त्याच दरांत ३,०००. तेवढ्यात चार पत्रेही नीट येत नाहीत, पण मागितले नाहीत तर तेही जातात.

जनावर दगावलं की त्याला हलवण्याआधी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना दोघांना फोन करा. पशुधन विकास अधिकारी शवविच्छेदन करून दाखला देतो. त्यात मृत्यूचं कारण स्पष्ट हवं: वीज पडून, पुरात बुडून, गोठा कोसळून. रोगाने मेलेलं जनावर या निकषात बसत नाही. बर्ड फ्लूने कोंबड्या गेल्या तर त्याची योजना वेगळी. कानातला बारा अंकी टॅग वाचता येईल असा जवळून फोटो आणि पूर्ण जनावराचा एक फोटो, दोन्ही घ्या. १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराला आपत्तीची भरपाई नाही असा राज्याचा नियम आहे, आणि टॅग तर दवाखान्यात मारून मिळतो. गळून पडलेला टॅग ‘नंतर लावू’ म्हणून खुंटीला अडकवून ठेवणं महागात पडतं.

जनावर वाहूनच गेलं तर शव नाही, शवविच्छेदन नाही. तेव्हा टॅगची ऑनलाइन नोंद, दूध संघाच्या संकलनाच्या पावत्या, लसीकरणाची नोंद आणि सरपंच-पोलीस पाटलांच्या सह्यांचा पंचनामा यांवरच प्रकरण उभं राहतं. या पावत्या एरवी रद्दीत जातात. पावसाळ्यापुरत्या तरी जपा. पंचनामा झाला की जनावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

विशिष्ट क्रमांक आणि ई-केवायसी

याद्या पोर्टलवर चढल्या आणि तहसीलदारांनी मंजूर केल्या की प्रत्येक लाभार्थ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो. या क्रमांकांची यादी म्हणजेच ‘व्हीके यादी’. ती तलाठी कार्यालयात, ग्रामपंचायतीत लागते आणि गावच्या ग्रुपवर फिरते. क्रमांक घेऊन आधारकार्डासह ई-केवायसीला, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवायला, सेवा केंद्रात जायचं. ऑपरेटर क्रमांक टाकतो तेव्हा पडद्यावर नाव, गाव, क्षेत्र आणि रक्कम दिसते. अंगठा लावण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि हे वाचा. क्षेत्र किंवा नाव चुकलं असेल तर अंगठा न लावता तिथेच तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन तहसीलच्या मदत शाखेत जा. एकदा प्रमाणीकरण झालं म्हणजे तुम्ही ती माहिती मान्य केली असंच धरलं जातं.

ॲग्रीस्टॅकचा ओळख क्रमांक असलेल्यांना २०२५ च्या मदतीत ई-केवायसीतून सूट दिली गेली. तरी यादीत आपलं नाव ‘केवायसी बाकी’ मध्ये आहे का हे बघा, कारण ओळख क्रमांक आणि यादीतला आधार जुळला नाही तर सूट लागत नाही.

कष्टाच्या हातांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत ही जुनीच तक्रार. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून, अंगठा सोडून मधलं बोट, करंगळी असं दहाही बोटांवर प्रयत्न करा. नाहीच झालं तर डोळ्याचं मशिन असलेलं केंद्र शोधा. आणि आधार केंद्रावर बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हाच त्रास नको.

पैसे कोणत्या खात्यात

पंचनाम्याबरोबर दिलेलं पासबुक बघून पैसे पाठवले जातात हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. पैसे आधारवर येतात. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या एकाच बँकेचं नाव आहे, त्या खात्यात. तुमची चार खाती आधारला ‘लिंक’ असतील, पण नोंदीत बँक एकच असते, आणि ती शेवटी जिथे संमती दिली ती. गॅसच्या सबसिडीसाठी किंवा लेकीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं एखादं विसरलेलं खातं तिथे बसलेलं असतं. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचे पैसे अशाच खात्यात पडून असतात.

तपासायचं असं: माय आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलाय त्याची, स्थिती उघडा, बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही हे दिसतं. साध्या फोनवर *९९*९९*१# लावूनही कळतं. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. ‘केवायसीला आधार लावलंय’ असं काउंटरवर सांगितलं तरी थांबा; केवायसी वेगळी आणि थेट लाभासाठीचं सीडिंग वेगळं. आठवड्याने स्थिती परत बघा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. जाऊन शंभर रुपये भरा, केवायसीचे कागद द्या. जनधनच्या विनाकेवायसी छोट्या खात्यांना शिलकीची ५० हजारांची आणि वर्षभरातल्या एकूण जमेची एक लाखाची मर्यादा असते. सरकारी अनुदान जमा करताना शिलकीची मर्यादा मात्र धरायची नसते.

पैसे आले पण बँकेने पीककर्जात वळते केले किंवा खात्यावर होल्ड लावला, असंही घडतं. या मदतीतून कोणतीही वसुली करू नये अशी अट शासन निर्णयातच असते. तो निर्णय छापून, त्या ओळीखाली रेघ मारून शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत तहसीलदारांना व एक जिल्हा उपनिबंधक किंवा अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाला पाठवा. तोंडी भांडणाने होल्ड उठत नाही.

नाव नसेल, पैसे नसतील तर

आधी आपण कुठे अडलो आहोत ते ठरवा, मग दार ठोठवा. यादीतच नाव नसेल तर काम तलाठी आणि तहसीलदारांचं: पोच असलेल्या अर्जाची प्रत जोडून पुरवणी यादीत नाव घ्यायची मागणी करा. नाव आहे, विशिष्ट क्रमांक आहे, केवायसीही झाली, तर महाआयटीच्या आपत्ती व्यवस्थापन पोर्टलवर तो क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती बघा. आधार बँकेशी जोडलेलं नाही, खातं बंद, नाव दुबार असं कारण तिथे येतं. पहिली दोन कारणं बँकेत सुटतात, तिसरं तहसीलमध्ये. दुबार म्हणजे तुमचं नाव दोन गावांच्या यादीत आलंय किंवा तुमचाच आधार चुकून दुसऱ्याच्या ओळीला चिकटलाय. दुसरा प्रकार असेल तर लेखी तक्रार तातडीने द्या, कारण तुमचे पैसे त्याच्या नावाने निघू शकतात.

गावाचीच यादी गेली नसेल तर एकट्याने फेऱ्या मारण्यापेक्षा वीस-पंचवीस खातेदारांनी सह्या करून उपविभागीय अधिकाऱ्यांना द्या. पूर चालू असतानाचं तातडीचं काम असेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

पीकविमा हा या सगळ्यापेक्षा वेगळा मामला आहे. तलाठ्याने पंचनामा केला म्हणजे विमा कंपनीला कळलं असं होत नाही, आणि विमा मिळाला म्हणून अनुदान कापलं जात नाही. विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं की नाही हे त्या हंगामाच्या योजनेवर अवलंबून असतं. खरीप २०२५ मध्ये राज्याने स्थानिक आपत्तीचा तो भाग काढून फक्त पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठेवली होती. पावती घेताना अटींचं पान वाचा.

तरीही उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून ‘मदत का मिळाली नाही’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देण्याचं बंधन नाही. मागा ते कागद: अमुक गावाच्या अमुक महिन्यातल्या पीक नुकसानीच्या संयुक्त पंचनाम्याची प्रत, तहसीलदारांनी मंजूर केलेली लाभार्थी यादी, आणि गट क्रमांक अमुकबाबत आलेल्या अर्जावर झालेली कार्यवाही, टिपणीसह. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. पंचनाम्याची प्रत हातात आली की आपली ओळ शोधा आणि बांधावर काढलेल्या मोबाइलमधल्या फोटोशी लावून बघा.